चालत्या संगणकात स्मृती जोडणे आणि काढणे

‘मुलगी कंप्युटरमध्ये आहे’ असे आपल्या समाजातील अनेक आईवडील आज अभिमानाने सांगतात. परंतु ती तेथे नेमके काय करते असे कोणी पुढे विचारले, तर उत्तर अडखळते. दोष त्यांचा नाही. या क्षेत्रातील जे काम खरोखर जोखमीचे असते, ते पडद्यावर दिसतच नाही. स्मरणिकेसाठी लेखन करावयाचे ठरले, तेव्हा अशाच एका न दिसणाऱ्या कामाची ओळख आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना करून द्यावी असे आम्हास वाटले. ते काम म्हणजे, चालू असलेला संगणक बंद न करता त्याला नवी स्मृती जोडणे आणि एकदा जोडलेली स्मृती त्याच्याकडून सुखरूप परत घेणे. उदाहरण म्हणून आम्ही लिनक्स ही कार्यप्रणाली घेतली आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा आरंभ केला. आज जगभरचे असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. आणि तिची संपूर्ण संहिता कोणासही वाचावयास खुली आहे. त्यामुळे आम्ही येथे जे सांगणार आहोत, ते ज्यास पडताळून पाहावयाचे असेल त्यास पाहता येईल.

प्रथम थोडी पूर्वतयारी. स्मृती या शब्दाने आम्हास येथे रॅम अभिप्रेत आहे. कायमची साठवण डिस्कवर होते. रॅममध्ये चालू काम असते. वीज गेली की तेथील सारे पुसले जाते. या स्मृतीचा कारभार कार्यप्रणालीचा गाभा पाहतो, त्यास कर्नेल म्हणतात. कर्नेल सर्व स्मृतीचे समान आकाराच्या पानांत विभाजन करतो. इंटेल आणि एएमडी यांच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर असे एक पान ४,०९६ बाइटचे असते. प्रत्येक पानामागे कर्नेल स्वतःजवळ साधारण ६४ बाइटची एक नोंद ठेवतो. हे पान मोकळे आहे की व्यापलेले, कोणत्या कामासाठी दिले आहे, किती जणांनी ते धरून ठेवले आहे, हे सारे त्या नोंदीत असते. नोंद लहान दिसते. तथापि १ टेराबाइट स्मृती असलेल्या सर्व्हरवर केवळ या नोंदींनाच १६ गिगाबाइट जागा लागते.

वसतिगृहात राहिलेल्यांना हा कारभार समजण्यास अडचण पडू नये. पाने म्हणजे खाटा, पानांचा मोठा खंड म्हणजे खोली, कर्नेल म्हणजे गृहपाल आणि नोंदी म्हणजे त्याची नोंदवही. विद्यार्थ्याला आलेले पत्र त्याच्या नावावर येते, खाटेच्या क्रमांकावर येत नाही. गृहपाल वही उघडून पाहतो आणि पत्र योग्य खाटेवर पोहोचवतो. संगणकातही चालू प्रोग्रामला आपले पान रॅमच्या कोणत्या भागात आहे हे ठाऊक नसते. त्याच्याजवळ एक आभासी पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावरून प्रत्यक्ष पान शोधण्यासाठी कर्नेलने पत्तेवह्या लिहून ठेवलेल्या असतात. या एका व्यवस्थेमुळे विद्यार्थ्याला एका खोलीतून दुसरीत हलवणे शक्य होते. खाट बदलली, वहीत दुरुस्ती केली, पत्रे येत राहिली. मात्र वसतिगृहात काही गोष्टी अशाही असतात की त्या हलवता येत नाहीत. विजेचा मुख्य बोर्ड भिंतीत पक्का असतो आणि पाण्याची वाहिनी जमिनीत पुरलेली असते. कर्नेलची स्वतःची बरीचशी सामग्री या जातीची आहे. तिचे पत्ते वहीत पाहून शोधले जात नाहीत. ते जागोजागी थेट लिहून ठेवलेले असतात. ही दोन प्रकारची वस्ती लक्षात ठेवावी, कारण पुढील सारा प्रश्न तिच्याभोवतीच फिरतो.

चालत्या यंत्रात स्मृती बदलण्याची गरज का पडावी? कारणे तीन. काम वाढले आणि यंत्र थांबवणे परवडण्यासारखे नाही, हे पहिले. दुसरे आजच्या काळात सर्वांत मोठे आहे. एकाच भौतिक यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवून ती भाड्याने दिली जातात. एकाला आज अधिक स्मृती हवी असते, उद्या दुसऱ्याला, आणि प्रत्येक वेळी यंत्र बंद करून चालत नाही. तिसरे कारण चिपमधील बिघाडाचे. श्रोडर, पिन्हेरो आणि वेबर या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत वर्षभरात निदान एकदा तरी स्मृतीची दुरुस्त होण्याजोगी चूक आढळली होती. जी चिप वारंवार चुका करू लागली आहे, ती निकामी होण्यापूर्वीच कामातून दूर करणे शहाणपणाचे ठरते.

आरंभीच्या काळात अशी भर-घट शक्यच नव्हती. यंत्र सुरू होताना त्यातील मूलभूत प्रणाली कर्नेलच्या हाती स्मृतीचा नकाशा देई, आणि यंत्र बंद होईपर्यंत तो बदलणार नाही असे कर्नेल गृहीत धरी. सर्व पानांच्या नोंदी एका सलग यादीत मांडलेल्या असत. मध्येच नवी पाने घालावयाची तर यादीत जागाच नसे. २००५ मध्ये लिनक्समध्ये ‘स्पार्समेम’ ही रचना आली. तिने पत्त्यांच्या संपूर्ण विस्ताराचे स्वतंत्र भाग पाडले आणि प्रत्येक भागाच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या. नेहमीच्या ६४ बिटी इंटेल-एएमडी यंत्रांवर असा एक भाग १२८ मेगाबाइटचा, म्हणजे ३२,७६८ पानांचा असतो. एका मोठ्या नोंदवहीऐवजी खोलीगणिक वेगळी वही केली, असे म्हणता येईल. त्यानंतरच एखादी खोली वाढवणे किंवा कमी करणे विचारात घेण्याजोगे झाले.

आता जोडण्याची कृती पाहू. नवी स्मृती आल्याची सूचना यंत्राकडून मिळाली की कर्नेल प्रथम पाहतो की तिने मागितलेले पत्ते आधीच दुसऱ्या कोणाला दिलेले तर नाहीत ना. मग त्या पत्त्यांची नोंद करतो, पानांच्या नोंदींसाठी जागा मिळवतो आणि त्या स्मृतीपर्यंत स्वतःला पोहोचता यावे म्हणून पत्तेवहीत वाट तयार करतो. येथे एक मौजेची अडचण आहे. १२८ मेगाबाइटच्या खंडाच्या नोंदींना २ मेगाबाइट लागतात, आणि ते सामान्यतः जुन्या स्मृतीतूनच द्यावे लागतात. म्हणजे स्मृती संपत आल्यामुळे ज्याने नवी मागवली, त्याच्याजवळ ती दाखल करून घेण्यापुरतीही शिल्लक नसेल, तर जोडणीच फसू शकते. घरातला शेवटचा दाणा संपल्यावर धान्याचे पोते आणावयास बैलगाडी जुंपावी आणि बैलही उपाशी असावेत, तशी ही स्थिती. पुढे यावर एक उपाय योजला गेला. नव्या खंडाच्या नोंदी त्याच खंडातील काही पानांवर मांडण्याची सोय झाली. ती सर्वच परिस्थितींत वापरता येत नाही, परंतु जेथे वापरता येते तेथे नवा पाहुणा आपली शिधासामग्री स्वतःच घेऊन येतो.

इतके झाले तरी स्मृती अजून वापरात आलेली नसते. ती ‘ऑफलाइन’ असते. तिला ‘ऑनलाइन’ करणे ही दुसरी, वेगळी पायरी आहे. खोली बांधून झाली, पण खाटा मांडल्या नाहीत आणि विद्यार्थ्यांना वाटूनही दिली नाही, अशी ही मधली अवस्था. ती अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. आमच्या मते मात्र या साऱ्या रचनेतील ती अत्यंत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. ऑनलाइन करताना प्रत्येक पानाची नोंद शुद्ध केली जाते, मोकळ्या पानांच्या साठ्यात ती पाने सोडली जातात आणि विभागाच्या एकूण पानांचे आकडे सुधारले जातात. हा क्रम उलटला, म्हणजे नोंद तयार होण्यापूर्वीच पान साठ्यात सापडू लागले, तर कर्नेल कचऱ्यालाच नोंद समजून वाचील. हे भय काल्पनिक नाही. कर्नेलमध्ये काही भाग असे आहेत की ते भौतिक पत्त्यांच्या क्रमाने एकामागून एक पान तपासत जातात. अशा तपासनीसाला ‘या क्रमांकाची नोंद अस्तित्वात आहे काय’ एवढेच विचारून भागत नाही, कारण ऑफलाइन खंडाची नोंद अस्तित्वात असते, पण तिच्यात अर्थ भरलेला नसतो. त्याने ‘हे पान ऑनलाइन आहे काय’ असा प्रश्न विचारावयास हवा. असणे आणि सज्ज असणे यांतील हा भेद न पाळल्यामुळे उद्भवणाऱ्या चुका शोधणे फार कठीण जाते, कारण ज्या यंत्रात कधीच स्मृती जोडली जात नाही तेथे त्या कधीच प्रकट होत नाहीत.

ऑनलाइन करतानाच आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि आमच्या दृष्टीने तो या लेखाचा गाभा आहे. नवा खंड कोणत्या विभागात घालावयाचा? सामान्य विभागात घातला, तर कर्नेल त्याचा कशासाठीही वापर करू शकतो, स्वतःच्या न हलणाऱ्या सामग्रीसाठीसुद्धा. चल विभागात, म्हणजे ज्यास ‘मूव्हेबल झोन’ म्हणतात तेथे घातला, तर त्यात केवळ हलवता येण्याजोगी पानेच ठेवण्याचे बंधन कर्नेल स्वतःवर घालून घेतो. सामान्य विभागातील १२८ मेगाबाइटमध्ये कर्नेलने आपली एक लहानशी वस्तू ठेवली, तरी तो संपूर्ण खंड अडकून बसतो. ३२,७६७ पाने रिकामी आणि एका पानात भिंतीला खिळलेला बोर्ड, असे झाले की ती खोली पाडता येत नाही. म्हणून स्मृती पुढे काढता येईल की नाही, हे बव्हंशी ती जोडली त्याच क्षणी ठरून गेलेले असते. काढण्याची वेळ आल्यावर धावाधाव करणाऱ्या व्यवस्थापकास हे ठाऊक नसते असे नव्हे. जोडताना घाई असते आणि काढण्याचा विचार दूरचा वाटतो.

मग सर्वच नवी स्मृती चल विभागात का घालू नये? असा प्रश्न चतुर वाचकाच्या मनात आला असेल. उत्तर असे की विद्यार्थी वाढले की स्वयंपाकघरही वाढवावे लागते. प्रोग्रामांची पाने चल विभागात राहतील, परंतु त्यांच्या पत्तेवह्या, उघडलेल्या फायलींची माहिती, नेटवर्कच्या जोडण्या ही कर्नेलची सामग्री सामान्य विभागातच राहावयाची. चल विभाग फुगत गेला आणि सामान्य विभाग तेवढाच राहिला, तर एक दिवस असा येतो की यंत्रात कित्येक गिगाबाइट मोकळे असूनही कर्नेलला स्वतःसाठी जागा मिळत नाही, आणि तो चालू प्रोग्राम मारू लागतो. बाहेरून पाहणाऱ्यास हे वेडेपणाचे वाटते. लिनक्सच्या अधिकृत दस्तऐवजात चल आणि सामान्य विभागांचे ३ : १, फार तर ४ : १ एवढे प्रमाण समंजस मानले आहे, पण यंत्रावरील कामाच्या स्वरूपानुसार तेही बदलते, आणि या बाबतीत एकच आकडा सर्वांना लावू नये असे आम्हास वाटते.

आता काढण्याकडे वळू. काढणे हे जोडण्याची उलट कृती आहे असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु तो टिकत नाही. जोडताना नव्या स्मृतीवर कोणाचाच हक्क नसतो. काढताना तिच्यावर शेकडो जणांचा हक्क असतो, आणि त्यांपैकी कोणाचेही काम एका क्षणापेक्षा अधिक थांबता कामा नये, कोणाचे एक अक्षरही हरवता कामा नये.

पहिले पाऊल म्हणजे नवी भरती बंद करणे. खंडातील मोकळी पाने ‘विलग’ अशी खूण करून बाजूस काढली जातात, म्हणजे एका दाराने रिकामी केलेली खोली दुसऱ्या दाराने भरत नाही. खंडात हलवता न येणारी सामग्री आहे असे याच वेळी दिसले, तर कर्नेल तेथेच ‘व्यग्र’ असे उत्तर देऊन माघार घेतो. शिवाय प्रत्येक प्रोसेसर वेळ वाचावा म्हणून काही मोकळी पाने स्वतःच्या हाताशी बाळगून असतो. हे खिसेही रिकामे करून घ्यावे लागतात, नाहीतर साठा विलग झाला असे समजावे आणि एखाद्याच्या खिशातून त्यातलेच पान बाहेर पडावे असा प्रकार होतो.

दुसरे पाऊल विचारण्याचे. कर्नेलचे जे अंतर्गत भाग आणि ड्रायव्हर स्मृतीच्या फेरबदलात हितसंबंधी आहेत, त्यांनी आपली नावे एका यादीत आधीच नोंदवलेली असतात. ‘हा खंड ऑफलाइन होऊ घातला आहे’ अशी सूचना त्या यादीतील प्रत्येकास क्रमाने दिली जाते. ज्यास अडचण नाही तो काम पुढे जाऊ देतो. पण कोणी एकाने जरी हरकत घेतली तरी कृती थांबते, आणि ज्यांना आधी सूचना गेली होती त्यांना ‘बेत रद्द झाला’ असे कळवले जाते. हे वाचताना आपल्या वाचकांना विनयपिटकातील संघकर्माची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. उपसंपदेसारख्या कर्मात ञत्ति, म्हणजे प्रस्ताव, एकदा मांडला जातो आणि तीनदा विचारणा होते. ज्यांना मान्य आहे त्यांनी मौन राहावे, ज्यास मान्य नाही त्याने बोलावे. मौन ही संमती. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भाषण करताना भिक्खूसंघांच्या या संसदीय पद्धतीचा मुद्दाम उल्लेख केला होता. कर्नेल लिहिणाऱ्यांनी विनय वाचला होता असे आम्हास सुचवावयाचे नाही. परंतु अनेकांचे हितसंबंध असलेली गोष्ट सुरक्षितपणे करावयाची, तर प्रस्ताव, विचारणा आणि नकाराचा अधिकार या तीन गोष्टी लागतातच, हे दोन्हीकडे दिसते.

साम्य याहून खोल आहे. संघकर्म वैध ठरण्यासाठी सीमेच्या आत असलेला प्रत्येक भिक्खू उपस्थित असावा लागतो. आजारी असेल तर त्याने आपला छंद, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी कळवावी लागते. एकास वगळून केलेले कर्म सदोष. कर्नेलमध्येही हाच प्रश्न जीवघेणा ठरतो. एखाद्या ड्रायव्हरने पानाचा भौतिक पत्ता स्वतःजवळ टिपून ठेवला, पण ना यादीत नाव नोंदवले ना पान धरल्याची खूण केली, तर त्यास कोणी विचारणारच नाही. खंड निघून जाईल आणि तो त्याच पत्त्यावर लिहीत राहील. त्या पत्त्यावर उद्या दुसरे काही असेल, तर त्याने लिहिलेले तेथे जाऊन पडेल. यंत्र कोसळले तर निदान कळते. येथे एखाद्या फायलीतील चार आकडे गुपचूप बदलतात, आणि ते बदललेले आकडे कोणाच्या तरी खात्यात किंवा तपासणीच्या अहवालात जाऊन बसतात. कोसळण्यापेक्षा हे अधिक भयंकर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरे पाऊल स्थलांतराचे. येथे क्रमाचे महत्त्व सर्वाधिक आहे. पान नव्या जागी आधी उतरवून घेतले आणि मग पत्तेवहीत दुरुस्ती केली, तर या दोहोंच्या मधल्या क्षणात प्रोग्रामने जुन्या पानावर जे लिहिले ते हरवेल. म्हणून कर्नेल आधी त्या पानाकडे जाणाऱ्या सर्व पत्तेवह्यांतील नोंदी काढून तेथे ‘स्थलांतर चालू आहे’ अशी खूण ठेवतो. इतर प्रोसेसरांनी जुना पत्ता जवळ टिपून ठेवला असेल तर तोही पुसावयास लावतो. या अवधीत कोणी ते पान मागितले, तर त्यास थोडे थांबवले जाते. मग कर्नेल मोजणी करतो. पत्तेवह्यांतील नोंदी काढल्यानंतर या पानाला धरून असणारे किती उरावयास हवेत, आणि प्रत्यक्षात किती आहेत? आकडा जुळला तर मजकूर नव्या पानावर उतरवून पत्तेवह्या सुधारल्या जातात आणि थांबलेला प्रोग्राम पुढे चालू लागतो; आपण हललो हे त्यास कळतही नाही. आकडा अधिक निघाला, तर अज्ञात कोणीतरी हे पान अजून धरून आहे, असा त्याचा अर्थ. कर्नेल सर्व जुन्या नोंदी पूर्ववत करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो.

धरून ठेवणारे बहुधा क्षणापुरते धरतात. काही मात्र दीर्घकाळ धरतात. वेगवान नेटवर्क कार्डे प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत लिहितात. त्यांना दिलेले पान काम संपेपर्यंत जागचे हलता कामा नये, म्हणून ते खिळवून ठेवले जाते. असे खिळवलेले पान चल विभागात राहिले तर त्या विभागाचे वचनच मोडले. म्हणून दीर्घकाळ खिळवण्याची विनंती आली की कर्नेल ते पान प्रथम चल विभागातून बाहेर हलवतो आणि मगच खिळवतो. जोडतानाच काढण्याचा विचार करावा लागतो असे आम्ही वर म्हटले, त्याचाच हा दुसरा नमुना होय.

सारी पाने रिकामी झाली, पुन्हा एकदा तपासून खात्री केली, की खंड ऑफलाइन होतो, आकडे कमी केले जातात आणि यादीतील सर्वांना अंतिम सूचना जाते. रिकामी होत नसतील तर? कर्नेल प्रयत्न करीतच राहतो. यास ठरावीक मुदत नाही. व्यवस्थापकाने बाहेरून मुदत घालावी आणि ती संपली की विनंती मागे घ्यावी, अशी अपेक्षा आहे. विनंती मागे घेतल्यावर विलग केलेली पाने पुन्हा साठ्यात जातात आणि यंत्र जणू काही घडलेच नाही असे चालू राहते. जबरदस्तीने काढण्याचा मार्ग ठेवलेला नाही. काही व्यवस्थापकांना हा दुबळेपणा वाटतो. आम्हास तो या रचनेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. नकार हे येथे अपयश नसून एक पूर्ण, वैध उत्तर आहे, आणि ते दिल्यानंतर कोणाचेही काही बिघडलेले नसते.

ऑफलाइन झालेला खंड नंतर प्रत्यक्ष काढता येतो. त्याच्या नोंदी मोडल्या जातात, कर्नेलची वाट बंद होते, आणि भौतिक चिप असल्यास ती बाहेर काढण्यास यंत्राकडून परवानगी मिळते. आधी ऑफलाइन न करता कोणी चिप उपटली, तर कर्नेलजवळ उपाय नसतो.

एक पेच मात्र तपशिलाने सांगण्याजोगा आहे, कारण सुरक्षितता किती बारीक ठिकाणी अडते ते त्यातून दिसते. दोघांनी एकाच वेळी स्मृतीत फेरबदल करू नयेत म्हणून कर्नेलमध्ये एक कुलूप असते. ज्याच्या हाती ते, त्यानेच काम करावे. प्रत्येक खंडासाठी एक छोटी फाइलही दिसते. तिच्यात ‘ऑनलाइन’ किंवा ‘ऑफलाइन’ लिहून व्यवस्थापक आज्ञा देतो. समजा एकाने ती फाइल उघडून आज्ञा लिहिली आणि तो कुलूप मिळण्याची वाट पाहू लागला. त्याच वेळी दुसऱ्याने कुलूप आधीच घेतले आहे आणि तो तो खंडच काढून टाकतो आहे. खंड गेला की त्याची फाइलही काढावी लागते, पण फाइल कोणी वापरत असेपर्यंत ती काढता येत नाही. पहिला कुलपाची वाट पाहतो, दुसरा पहिल्याने फाइल सोडण्याची. सुतार किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दाराची चौकट काढण्यास उभा आहे, आतला माणूस बाहेर आल्याशिवाय त्यास ती काढता येत नाही, आणि आतला माणूस तोच जुडगा मिळावा म्हणून आत थांबला आहे, असा हा पेच. दोघेही नियमाने वागत आहेत आणि दोघेही कायमचे अडकले आहेत.

लिनक्समध्ये यावर काढलेला तोडगा साधा आहे. आज्ञा देणाऱ्याने कुलूप एकदाच मागावे. मिळाले नाही तर तेथे वाट पाहत बसू नये. ५ मिलिसेकंद विसावा घ्यावा, फाइल सोडून बाहेर यावे आणि संपूर्ण विनंती पहिल्यापासून पुन्हा करावी. तो बाहेर आला की सुतारास चौकट काढता येते. परत आल्यावर दार नाही असे आढळले, तर प्रश्नच मिटला. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ही काही ओळींची संहिता एकदा अवश्य वाचावी. अडकण्याच्या अवस्थेवर पाठ्यपुस्तकात असलेल्या प्रकरणापेक्षा ती अधिक शिकवून जाते.

आभासी यंत्रांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. तेथे यजमान यंत्राला पाहुण्या यंत्राकडून स्मृती परत हवी असते, पण पाहुण्याच्या आत कोणते पान रिकामे आहे हे यजमानास दिसत नाही. कार्ल वॉल्ड्सपर्गर यांनी २००२ मध्ये व्हीएमवेअरसाठी वर्णन केलेली फुग्याची युक्ती यासाठी पुष्कळ वर्षे वापरली गेली. पाहुण्याच्या आत एक ड्रायव्हर पाने मागून घेत फुगत जातो आणि ती पाने यजमानाच्या स्वाधीन करतो. युक्ती उत्तम, परंतु पाने विखुरलेली मिळतात. लिनक्सच्या ५.८ या आवृत्तीत, २०२० मध्ये, डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी रचलेला ‘व्हर्टिओ-मेम’ हा प्रकार दाखल झाला. त्यात यजमान केवळ आपल्याला हवा असलेला एकूण आकार सांगतो. तेथपर्यंत कसे जावयाचे, कोणता भाग आधी सोडावयाचा, हे पाहुणा ठरवतो, आणि जमेल तेवढेच सोडतो. पूर्ण १२८ मेगाबाइटचा खंड रिकामा होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. त्याहून पुष्कळ लहान तुकडे परत देता येतात.

ज्यांना हे स्वतः करून पाहावयाचे आहे, त्यांना महागडा सर्व्हर लागत नाही. साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयू हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून लिनक्सचे एक आभासी यंत्र उभे करावे, त्यास सुरू असतानाच आणखी स्मृती जोडावी, आणि तिचे खंड चल विभागात ऑनलाइन करून पुन्हा ऑफलाइन करून पाहावेत. ते बहुधा निमूटपणे जातील. मग यंत्र सुरू होताना मिळालेल्या अगदी आरंभीच्या खंडावर तीच आज्ञा द्यावी. ‘व्यग्र’ असे उत्तर येण्याचीच शक्यता फार, कारण कर्नेलची स्वतःची सामग्री तेथे वसलेली असते. प्रत्येक खंडाजवळ ‘रिमूव्हेबल’ नावाचीही एक फाइल सापडेल. हा खंड काढता येण्याजोगा दिसतो की नाही, याचा अंदाज पूर्वी ती देत असे. वाचल्यानंतरच्या क्षणीच तो अंदाज खोटा ठरू शकतो, म्हणून कर्नेलकारांनी पुढे तो देणेच सोडून दिले. आता या कर्नेलला ऑफलाइन करण्याची क्षमता आहे एवढेच ती सांगते. खंड निघेल की नाही, हे प्रत्यक्ष विचारल्यावरच कळते.